शाळेचे वर्ष एप्रिलला की मृगाला?

आपल्या ठाणे जिल्ह्यात राबात पडलेले बी, पहिला धो-धो पाऊस आणि शाळेची पहिली घंटा या तीन गोष्टी आजवर मागेपुढे एकाच पंधरवड्यात येत आल्या आहेत. २०२५ सालीही शाळा जुन्या रिवाजाने १६ जूनलाच उघडल्या. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी विधिमंडळात सांगितले, की राज्य मंडळाच्या शाळांतही सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येणार. त्यापाठोपाठ शाळेचे वर्षही सीबीएसईप्रमाणे १ एप्रिलला सुरू करावे अशी चर्चा निघाली, आणि बघता बघता ती शहापूर-मुरबाडच्या पारावर येऊन पोचली. तेव्हापासून एकच प्रश्न कानावर येतो, ‘आता आपली शाळा दिल्लीची होणार काय?’

आधी गैरसमज दूर करू. सीबीएसई म्हणजे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा त्या मंडळाकडे जाणार, असा निर्णय झालेला नाही. राज्य मंडळ राहणार, दहावी-बारावीची परीक्षा तेच घेणार, मराठी सक्तीचीच राहणार, असे सरकारने सांगितले. मराठीसाठी तर २०२० चा कायदाच आहे. बदलणार आहे ते अभ्यासक्रमाचे माप. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२३ मध्ये देशपातळीचा अभ्यासक्रम आराखडा आला, २०२४ मध्ये त्यावर बेतलेला राज्याचा आराखडा आला, आणि १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने अंमलबजावणीचे टप्पे ठरले. २०२५-२६ ला पहिली, २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, २०२७-२८ ला पाचवी, सातवी, नववी आणि अकरावी, आणि २०२८-२९ ला आठवी, दहावी, बारावी. तुमचा नातू २०२५ मध्ये पहिलीत बसला असेल, तर त्याची सगळी शाळा या नव्या मापानेच मोजली जाणार, असे समजा.

आता हे माप वाईट आहे काय? तसे सरसकट म्हणता येणार नाही, आणि जे म्हणतात त्यांची पोरे बहुतेक वेळा कुठल्या शाळेत जातात हे एकदा विचारून पाहावे. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा देशभर एकच झाली आणि तिचा पाया केंद्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवर राहिला. आपली खेड्यातली हुशार मुलगी राज्याच्या पुस्तकातून शिकली आणि परीक्षा दुसऱ्याच पुस्तकावर झाली, तर तिने क्लासला लाखभर रुपये मोजायचे कुठून? डोंबिवलीच्या पोराला तो क्लास स्टेशनच्या बाहेर पाच मिनिटांवर मिळतो. मुरबाडच्या पोरीला आधी एसटी गाठावी लागते. शिकण्याचे माप एकच असावे, म्हणजे आपल्या पोरांना ‘खेडवळ’ म्हणून कमी लेखायला कुणाला जागा उरणार नाही, ही बाजू खरी आहे आणि ती सोडून चालणार नाही.

अडचण माप एक असण्यात नाही. त्या मापाबरोबर दिवस, तारखा, भाषा आणि परीक्षासुद्धा एकाच साच्यात घालण्याची घाई होते, तिथे गाडी अडते.

भाताचेच बघा ना. वरकस, उताराच्या जमिनीत तुम्ही हळवे भात लावता, कारण तिथे पाणी लवकर सरते. खोलगट खाचरात गरवे लावता. मधल्या जमिनीला निमगरवे. दाणा सगळ्यांचा भरला पाहिजे हे कबूल. पण सगळ्यांनी एकाच तारखेला निसवले पाहिजे, असा हुकूम कोणत्या कृषी अधिकाऱ्याने आजवर काढलेला नाही, आणि काढला तर तुम्ही त्याला बांधावर उभा करून विचाराल, ‘साहेब, हे खाचर एकदा बघा तरी.’

एप्रिलचा महिना कुणाच्या घरी कसा जातो

दिवाळीच्या आसपास भात कापून, झोडून झाले, की शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या आतल्या वाड्या-पाड्यांतून कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. कुणी भिवंडीच्या बाजूला, कुणी कल्याण-अंबरनाथकडे, कुणी वसई-पनवेलला. पावसाळ्यात घरात दाणे संपलेले असताना मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची म्हणून नवरा-बायको दोघेही जातात, आणि मागे सांभाळणारे कोणी नसले की पोरेही जातात. पाऊस डोक्यावर येईपर्यंत भट्टी चालते. म्हणजे ही पोरे गावच्या शाळेत असतात ती जूनपासून दिवाळीपर्यंत. एप्रिल हा त्यांच्या भट्टीवरच्या मुक्कामाचा ऐन भरातला महिना.

शाळेचे वर्ष १ एप्रिलला सुरू झाले तर काय होईल, ते हिशेबाने बघू. जूनच्या रिवाजात हे पोर पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर वर्गात बसते. नवे पुस्तक, नवा धडा, सगळ्यांना सारखाच कोरा. दिवाळीनंतर ते मागे पडते हे खरे, पण निदान पहिले सत्र त्याचे पूर्ण असते. एप्रिलला वर्ष सुरू केले, की त्याची मार्चची परीक्षा बुडते, एप्रिलचे पहिले धडे बुडतात, आणि जूनमध्ये ते गावी परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. वर्षाच्या शेवटी गैरहजर आणि वर्षाच्या सुरुवातीलाही गैरहजर. असे पोर जूनमध्ये वर्गात मागच्या बाकावर बसते आणि पुढच्या वर्षी बसतच नाही. कुणी त्याचे नाव कमी करत नाही, ते आपोआप कमी होते.

उन्हाचा प्रश्न वेगळाच. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकात बांधून २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या, तेव्हा शिक्षक संघटनांनी उन्हाचे कारण सांगून तक्रार केली. ती कुरकुर म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती. ज्या शहापूर तालुक्यातून भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पत्र्याच्या छपराखाली, शाळेच्या टाकीत पाणी नसताना पोरांनी दुपारपर्यंत बसायचे आणि पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंनी हंडा कुठून भरायचा, हे वेळापत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर दिसत नाही. ते दाखवायचे काम ग्रामपंचायतीचे.

हिंदीचे जे झाले, त्यावरून शिका

एकसारखेपणाची घाई कशी अंगाशी येते, हे हिंदीच्या प्रकरणात सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. १६ एप्रिल २०२५ च्या त्याच निर्णयात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची केली होती. त्याआधी हिंदी पाचवीपासून होती आणि तिच्याबद्दल कुणाचे भांडण नव्हते. ओरड झाली, तेव्हा १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यात ‘सक्ती’ गेली पण हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ राहिली. मग पुन्हा ओरड झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तोवर शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते.

वर्तमानपत्रांत हा वाद मराठी विरुद्ध हिंदी असा गाजला. आपल्या जिल्ह्यात त्याच्या पोटात आणखी एक वाद आहे. कल्याणच्या आगरी घरातले पोर घरी ‘शाला’ म्हणते, ‘पानी’ म्हणते, ‘डोला’ म्हणते. शहापूरच्या कातकरी किंवा ठाकर पोराच्या घरची बोली तर पुस्तकापासून त्याहून लांब. या पोरांना पुस्तकातली मराठी हीच दुसरी भाषा. त्यावर इंग्रजी पहिलीपासून आहेच. सहा वर्षांच्या जिवावर आणखी एक भाषा घालायची, आणि तिसरीत ‘पोरगं वाचत नाही’ म्हणून गुरुजींना नोटीस द्यायची, हा कुठला न्याय? शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात लिहिले आहे, की शक्य असेल तोवर शिकवण्याचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे. बोलीला वर्गात हसू नये, एवढे तरी त्यातून घ्यायला हरकत नाही. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही.

आता मोजमापाचे. निपुण भारत ही केंद्राची मोहीम २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झाली. तिचे माप साधे आहे आणि माझ्या मते चांगले आहे, कारण ते तुम्हाला घरी तपासता येते. तिसरीच्या मुलाने त्याच्या वयाचा उतारा मिनिटाला साठ शब्द या वेगाने, समजून वाचावा आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. दुसरीच्या मुलाला ९९९ पर्यंतच्या, पहिलीच्या मुलाला ९९ पर्यंतच्या. हातात घड्याळ धरा, पोराला पुस्तक द्या, दोन मिनिटांत कळेल. त्याला सीबीएसईही लागत नाही आणि तालुक्याला खेपही लागत नाही.

मोठ्या राष्ट्रीय चाचण्यांची गोष्ट निराळी. १२ नोव्हेंबर २०२१ ला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले. ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’चे सर्वेक्षण झाले, त्यात तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांना तपासले. या चाचण्या सगळ्या शाळांत होत नाहीत. काही शाळा, त्यातली काही मुले निवडून पूर्ण जिल्ह्याचा अंदाज काढतात. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान जसे तुमच्या शेतातला पाऊस सांगत नाही, तसे हे आकडे तुमच्या गावच्या शाळेबद्दल काहीच सांगत नाहीत. आणि ठाणे जिल्हा असा, की एका टोकाला घोडबंदर रोडचे टॉवर आणि दुसऱ्या टोकाला माळशेजच्या पायथ्याचे पाडे. यांची सरासरी काढून कुणाचे काय कळणार? तेव्हा जिल्ह्याचा नंबर पेपरात वाचून आपल्या गुरुजींना ग्रामसभेत उभे करू नका.

राष्ट्रीय मापाची ही काही पहिली वेळ नाही. १९९१ मध्ये केंद्राने नेमलेल्या दवे समितीने ‘किमान अध्ययन क्षमता’ ठरवून दिल्या. १९९५ च्या सुमारास आपल्याकडे क्षमतांवर आधारलेला प्राथमिक अभ्यासक्रम आला. ज्यांची शाळा त्या काळातली आहे, त्यांना क्षमतांचे क्रमांक टाकलेले तक्ते आठवत असतील. हेतू उत्तम होता, पोराला निदान अमुक इतके तरी आलेच पाहिजे. प्रत्यक्षात क्षमता राहिली तक्त्यात आणि गुरुजी राहिले नोंदवह्या भरण्यात. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले, त्याच्याबरोबर पायाभूत चाचण्या आल्या. दर खेपेला माप नवे येते. मात्र मापायला लागणारी माणसे तेवढीच राहतात किंवा कमी होतात. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या निर्णयात सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी पट असेल तर शिक्षकच नाही, अशी तरतूद आली. डोंगरातल्या वाडीत वीस पोरे कुठून आणायची? दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेले, की पाच वर्ग एका बाईंच्या गळ्यात. त्यात नव्या आराखड्यात कला आहे, शारीरिक शिक्षण आहे, सहावीपासून व्यवसाय शिक्षण आहे. सगळे चांगले आहे. शिकवणार कोण, एवढेच विचारायचे.

आपल्याच जिल्ह्याने दाखवलेली वाट

गंमत अशी, की शाळेने मुलाच्या वेळेला जुळवून घ्यायचे हा धडा देशाला द्यायचा मान आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याचा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघ शेवटपर्यंत त्यात राहिल्या. (बोर्डी, कोसबाड हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला.) वारली पोरे दिवसा गुरे चारायला जात, म्हणून शाळेत येत नसत. ताराबाई-अनुताईंनी पालकांना दंड लावला नाही. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरताहेत, पोरे झाडाखाली शिकताहेत. तिचे नाव ‘कुरणशाळा’. अंगणवाडीची कल्पनाही याच कामातून पुढे आली आणि सगळ्या देशात गेली.

तशीच १९९० च्या दशकातली भोंगाशाळा. भट्टीवर मजूर राहतात त्या झोपडीला भोंगा म्हणतात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने भट्टीवरच्या पोरांसाठी भोंग्यातच शाळा भरवल्या. पुढे सरकारने हंगामी वसतिगृहे काढली, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणले. हे कार्ड घेऊन पोर ज्या गावी जाईल तिथल्या शाळेत बसू शकते. पण कार्ड कुठल्या ट्रंकेत आहे आणि भट्टीजवळच्या शाळेतल्या गुरुजींना ते कुणी दाखवले का, हे कोण बघते? सरपंच महाशय, दिवाळीनंतर तुमच्या गावातून किती पोरे गेली याची यादी ग्रामपंचायतीत आहे का? आणि भट्ट्यांच्या बाजूचे सरपंच, तुमच्या हद्दीत किती आली?

कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला हाच प्रश्न उलट्या अंगाने उभा आहे. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांची सत्तावीस गावे, निळजे, काटई, घारिवली, संदप, भोपर, माणगाव, सोनारपाडा वगैरे. ती २००२ मध्ये महापालिकेतून वगळली गेली, १ जून २०१५ ला पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यातली अठरा वगळण्याची अधिसूचना निघाली आणि उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. या ओढाताणीत गावातली जिल्हा परिषदेची शाळा नेमकी कोणाची, छप्पर कोणी दुरुस्त करायचे, हे लोंबकळत राहिले. दरम्यान जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला, आणि गावकऱ्यांची पोरे पिवळ्या बसने इंग्रजी शाळांत जाऊ लागली. मराठी शाळेत उरली ती बांधकामावरच्या मजुरांची, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची पोरे. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी विदर्भ-मराठवाड्याची मराठी. सीबीएसईच्या नावाने आपल्या शाळेत पट वाढेल, अशी आशा तिथल्या काही गुरुजींना आहे. नावाने पट वाढत असता, तर ‘इंटरनॅशनल’ पाटी लावून केव्हाच वाढला असता. पालक बघतात ते वर्गाला गुरुजी आहेत का, मुलींच्या मुतारीला दार आहे का, आणि पोर वाचते का.

आता तुमच्या हातात काय आहे, ते सांगतो, आणि हे नीट लक्षात घ्या. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या ९ व्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कामे दिली आहेत. स्थानिक प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका वगैरे. त्या कामांत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करणे आहे, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवणे आहे, आणि ‘शैक्षणिक वेळापत्रक ठरवणे’ हेही आहे! कायद्याची अट वर्षाला दिवसांची आहे. पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. ते दिवस कोणत्या महिन्यात भरावेत हे कायदा सांगत नाही. म्हणजे मुरबाडच्या शाळेने आवणीच्या आठवड्यात अर्धा दिवस भरवावी, भट्टीच्या गावातल्या शाळेने जानेवारी ते मे जादा वर्ग चालवावा, याला कायद्याची आडकाठी नाही. मागणी मात्र जिल्हा परिषदेकडे लेखी गेली पाहिजे. पुण्या-मुंबईहून आलेले पत्र हाच कायदा, असे समजून गप्प बसू नये.

दुसरे हत्यार शाळा व्यवस्थापन समितीचे. कायद्याच्या २१ व्या कलमाने तिच्यात पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळा विकास आराखडा करणे हे त्या समितीचे काम. बऱ्याच गावांत हा आराखडा मुख्याध्यापक एकटेच करतात आणि सह्या घरोघरी फिरून होतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. यंदा तसे होऊ देऊ नका. नव्या आराखड्याचे व्यवसाय शिक्षण तीन प्रकारचे आहे, सजीव सृष्टीतले काम, यंत्र आणि साहित्याचे काम, माणसांच्या सेवेचे काम. पहिल्या प्रकारात शेती येते. राब कसा करायचा, बी मिठाच्या पाण्यात कसे निवडायचे, वालाला ओल किती पुरते, हे शिकवायला गावात माणसे आहेत, त्यांना बोलवा. दिल्लीच्या आराखड्यात आपल्या मातीला ही जागा ठेवलेली आहे. ती आपण भरली नाही, तर तिथे कुठल्या तरी कंपनीचे छापील वर्कबुक येऊन बसेल.

पुढच्या ग्रामसभेला जाताना एका कागदावर एवढे लिहून न्या. आपल्या शाळेत मंजूर शिक्षक किती आणि हजर किती. तिसरीतली किती मुले उतारा वाचतात. दिवाळीनंतर किती मुले बाहेर जातात, कुठल्या तालुक्यात, आणि त्यांतल्या कितींकडे हमी कार्ड आहे. एप्रिलमध्ये शाळेच्या टाकीला पाणी असते की नाही. आणि शाळेचे वर्ष केव्हा सुरू व्हावे याबद्दल गावाचे म्हणणे काय, त्याचा ठराव. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना, आणि आदिवासी पाडा असेल तर एक शहापूरच्या प्रकल्प कार्यालयाला. पोच घ्यायला विसरू नका.